गाईडातलं उत्तर ओळखू यायचं

मराठी शाळेत काही वर्षं शिकवलेल्या कुणालाही गाईडातलं उत्तर लांबून ओळखू येतं. 'प्रस्तुत पाठातून लेखकाने' अशी सुरुवात झाली आणि तिसऱ्या ओळीत 'मोलाचा संदेश दिला आहे' आलं, की वहीच्या मालकाने काल संध्याकाळी काय केलं ते बाईंना कळतं. त्यातून गाईडात छपाईची चूक असेल तर बघायलाच नको. तीच चूक पस्तीस वह्यांत जशीच्या तशी उतरते. बाई रागावतात, मुलं खाली मान घालून हसतात आणि पुढच्या वेळी चार शब्द बदलून लिहायचं शहाणपण शिकतात. ते चार शब्द बदलण्यापुरता तरी पाठ वाचावा लागतो.

ही ओळख आता पुसली गेली आहे. आज पस्तीस वह्यांत पस्तीस वेगवेगळी उत्तरं येतात. सगळी नेटकी, सगळी शुद्ध आणि बरीचशी मुलाची नसलेली. दहावीच्या भाषेच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. घोकंपट्टी कमी व्हावी, मुलाने पाठ वाचून स्वतःला काय वाटलं ते लिहावं, म्हणून तो आला. पाठाच्या पानाचा फोटो चॅटजीपीटीला किंवा जेमिनायला दाखवायचा आणि 'दहावीतल्या मुलाने लिहिल्यासारखं लिही, आठ ओळी, एक-दोन चुका राहू देत' असं सांगायचं. स्वमत तयार. चूकसुद्धा मागवून घेता येते, ही यातली सगळ्यात चलाख गोष्ट.

बारावीचा पर्यावरणाचा प्रकल्प हा तर महाराष्ट्रातला जुना विनोद आहे. आधी तो वरच्या वर्गातल्या दादाच्या वहीतून उतरायचा, मग झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागला, मग यूट्यूबवर आला. आता तो मोबाइलवर मिनिटभरात लिहून मिळतो, गावाचं नाव आणि नदीचं नाव घालून. इथे यंत्राने काही बिघडवलं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. जे आधीच पोकळ होतं ते त्याने पटकन करून दाखवलं, इतकंच.

शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणावी की नाही यावर परिसंवाद झडत आहेत. ती शाळेला न विचारताच घरातल्या मोबाइलमधून आलेली आहे. 'असर' या ग्रामीण भागातल्या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८० टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. शाळेतल्या संगणक खोलीला कुलूप असलं तरी या आकड्यांना काही फरक पडत नाही.

* * *

सरकार मात्र दुसऱ्या दाराशी उभं आहे. त्या दारावर 'विषय' अशी पाटी आहे.

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक कौशल्य विषय दिला, पुढच्या वर्षी तो अकरावीत गेला. निम्मे गुण लेखी, निम्मे प्रात्यक्षिकाचे. प्रश्न नेमका काय आहे ते ठरवा, माहिती गोळा करा, ती तपासा, त्यावर यंत्राचं प्रारूप उभं करा, मग ते किती चुकतं ते पाहा, अशा टप्प्यांनी हा अभ्यासक्रम जातो. कागदावर तो वाईट नाही. २०२४-२५ मध्ये नववी-दहावीच्या जवळपास ७ लाख ९० हजार विद्यार्थ्यांनी तो घेतला होता. अकरावी-बारावीत त्याच वर्षी हा आकडा ५० हजारांवर येतो. कारण शोधायला लांब जायला नको. अकरावीत जेईई आणि नीटची घोडदौड सुरू झाली की 'स्कोअरिंग' विषयाची गरज संपते. नववी-दहावीतली सगळी गर्दी कुतूहलाची होती, असं मानणं भोळेपणाचं ठरेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पुढचं पाऊल जाहीर केलं. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीच्या वर्गापासून पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती. आराखड्यासाठी आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रमण यांच्या अध्यक्षतेखाली सीबीएसईने समिती नेमली. त्याआधीच्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या एआय उत्कृष्टता केंद्राला ५०० कोटी रुपये दाखवलेले होतेच.

याच वर्षाला आणखी एक वचन बांधलेलं आहे. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झालं तेव्हा त्याचं उद्दिष्ट होतं की २०२६-२७ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल तिसरी संपेपर्यंत समजून वाचू लागेल आणि साधी गणितं करू लागेल. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना तो पाचवीतही येत नव्हता. एकाच वर्षी, एकाच वर्गात, वाचनाची मुदत संपते आणि एआयचा तास सुरू होतो. दोन्ही फायली मंत्रालयाच्या एकाच इमारतीत असाव्यात.

तिसरीच्या मुलाला एआय म्हणजे नेमकं काय शिकवणार, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. वर्गात ही साधनं वापरण्यासाठी किमान वय १३ ठेवावं, असं युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या अटीही १३ च्या खाली वापर नको म्हणतात. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाच्या हातात चॅटबॉट देता येणार नाही, द्यायचंही कारण नाही. राहतात ते बिनसंगणकाचे खेळ. शाळेच्या आवारातली पानं गोळा करायची, त्यांचे गट करायचे. एक गट म्हणतो आकारावरून, दुसरा म्हणतो कडेवरून. मग बाई मुद्दाम चिंचेची डहाळी पुढे करतात. हे एक पान की अनेक? मुलांनी केलेला नियम तिथे मोडतो. नियम दुरुस्त करावा लागतो आणि दुरुस्त नियमात आधीची काही पानं बसेनाशी होतात. यंत्राला शिकवताना नेमकं हेच होतं. उदाहरणं दिली त्यावर ते नियम बांधतं आणि न पाहिलेलं काही समोर आलं की फसतं.

खेळ उत्तम आहे. फक्त तो चांगला परिसर अभ्यास आणि चांगलं गणित आहे, आणि ते दोन्ही तास वेळापत्रकात आधीपासून आहेत. नव्या नावाने हाच खेळ आला तर हरकत नसावी. पण नव्या नावाबरोबर नवी पुस्तिका, नवा अहवाल आणि नवं पोर्टल येतं, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक आहे.

* * *

२७ जानेवारी १९६७ रोजी राज्याची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीची स्थापना झाली. तेव्हापासून या राज्याच्या शाळांनी पाठ्यपुस्तकाबद्दल एक गोष्ट गृहीत धरली आहे, की ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. गडचिरोलीतल्या आणि सावंतवाडीतल्या मुलाच्या हातात तेच पान असतं. आई भाकरी भाजता भाजता ते ऐकते, आजोबा चष्मा लावून चाळतात, गावातला पदवीधर त्यात चूक काढतो आणि वर्तमानपत्राला पत्र लिहितो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं वाचायचा पर्याय दिला गेला, तेव्हा काय झालं ते आठवावं. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे मुलं अडखळतात, म्हणून हा बदल, असं गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या. राज्यभर वाद पेटला, विधानसभेत टोलेबाजी झाली, घरोघरी पालक सत्त्याण्णव उलटसुलट म्हणून पाहू लागले. माझं मत नारळीकर बाईंच्या बाजूचं होतं आणि आहे. पण मुद्दा तो नव्हे. दुसरीच्या पुस्तकातल्या एका पानावर सगळं राज्य भांडू शकलं, कारण ते पान सगळ्या राज्याला दिसत होतं.

चॅटबॉट मुलाला एकवीस कसं वाचायला सांगतो, हे कुणाला दिसतं?

बदल होतोय तो इथे. धडा खाजगी होतोय. यंत्र प्रत्येक मुलाला वेगळं समजावतं, वेगळं उदाहरण देतं, वेगळी चूक करतं. तेच मूल उद्या तोच प्रश्न विचारेल तर उत्तर बदललेलं असेल. 'प्रत्येकाला त्याच्या गतीने' ही जाहिरातीतली ओळ खोटी नाही, मात्र तिच्या पोटात ही दुसरी ओळ आहे. गाईड कितीही भिकार असलं तरी ते दुकानात टांगलेलं होतं. त्यातली भाषा शिक्षकाला पाठ होती, त्याची चूक चौकात सापडत होती.

* * *

दक्षिण कोरियात हीच गोष्ट चौकात आणली गेली, म्हणून तिथली कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. २०२३ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने एआय डिजिटल पाठ्यपुस्तकांची योजना जाहीर केली. टॅब्लेटवरचं पुस्तक मुलाची उत्तरं पाहणार, कुठे अडतंय ते ओळखणार, त्याप्रमाणे पुढची गणितं देणार आणि शिक्षकाच्या पडद्यावर वर्गाचा नकाशा मांडणार. मार्च २०२५ मध्ये प्राथमिकची तिसरी-चौथी, माध्यमिकचं पहिलं वर्ष आणि उच्च माध्यमिकचं पहिलं वर्ष यांपासून सुरुवात झाली. विषय गणित, इंग्रजी आणि संगणक. खाजगी प्रकाशकांची ७६ पुस्तकं सरकारी तपासणीतून पार झाली होती. जगात असं पहिल्यांदाच होतंय, असं सांगितलं जात होतं.

पण योजना सुरू होण्याआधीच पालक बिथरले होते. आधीच पडद्याला चिकटलेल्या मुलाच्या हातात शाळेनेही पडदा द्यायचा का, असा त्यांचा सवाल होता. संसदेकडे केलेल्या अर्जावर ५० हजारांहून अधिक सह्या पडल्या. शिक्षक संघटनांचं म्हणणं होतं की प्रशिक्षण घाईचं आहे आणि वर्गात मुलांची खाती उघडण्यातच तास जातो. डिसेंबर २०२४ मध्ये विरोधकांचं बहुमत असलेल्या संसदेने या पुस्तकांचा 'पाठ्यपुस्तक' हा दर्जा काढणारं विधेयक मंजूर केलं. जानेवारीत कार्यवाहक राष्ट्राध्यक्षांनी ते नकाराधिकाराने अडवलं, पण मंत्रालयाला सक्ती मागे घेऊन पहिलं वर्ष शाळांच्या मर्जीवर सोडावं लागलं. सुमारे एक तृतीयांश शाळांनी पुस्तकं घेतली. मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल पदावरून गेले, जूनमध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं. ४ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेने तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं आणि एका सत्रातच ही पुस्तकं 'पूरक साहित्य' होऊन बसली. दुसऱ्या सत्रात वापरणाऱ्या शाळा निम्म्यावर आल्या. गुंतवणूक बुडालेले प्रकाशक न्यायालयाच्या पायऱ्या चढले.

आपल्याकडे ही बातमी 'एआय शिक्षणाचा फज्जा' अशा थाटात आली. मला त्यात फज्जा कमी आणि शहाणपण जास्त दिसतं. सरकारने यंत्राला पाठ्यपुस्तक म्हटलं, त्यामुळे पाठ्यपुस्तकाला लागू होणारी सगळी छाननी त्याच्या वाट्याला आली. पालक, शिक्षक, संसद, न्यायालय, सगळ्यांना त्यावर बोलायचा अधिकार मिळाला. मुलांनी आपापल्या खोलीत जे वापरलं असतं त्यावर संसदेला काय मतदान घेता आलं असतं?

* * *

यंत्राने शिकवलेलं मुलाच्या डोक्यात राहतं का, हे तपासणारा एक चांगला प्रयोग तुर्कस्तानात झाला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या एका हायस्कूलमधल्या जवळपास १००० मुलांना गणिताच्या सरावासाठी तीन गटांत विभागलं. एका गटाकडे फक्त पुस्तक आणि वही. दुसऱ्याकडे साधा चॅटबॉट. तिसऱ्याकडे शिकवणीसाठी बांधलेला चॅटबॉट, जो थेट उत्तर देत नव्हता. सराव करताना दुसऱ्या गटाची कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी सरस निघाली आणि तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवर सराव केलेली मुलं पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. शिकवणीच्या चॅटबॉटवाली मुलं मागे पडली नाहीत, पुढेही गेली नाहीत. आणि आपण कमी शिकलो, याचा साध्या चॅटबॉटवाल्या मुलांना पत्ताच नव्हता.

दोन चॅटबॉटांत फरक काय होता, ते आपल्या ओळखीच्या गणितावर पाहू. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? साधा चॅटबॉट पाच ओळींत रीत मांडून 'दोन तास' सांगतो. मूल उतरवून घेतं. शिकवणारा चॅटबॉट विचारतो, पहिला नळ एका तासात टाकीचा कितवा भाग भरेल? मूल घाईने 'उत्तर साडेचार तास' असं टाकतं, कारण सहा आणि तीनची सरासरी साडेचार. अनुभवी शिक्षकाला ही चूक पाठ असते. तो रीत सांगत बसत नाही. तो म्हणतो, दुसरा नळ एकटाच तीन तासांत टाकी भरतोय, मग पहिला मदतीला आल्यावर साडेचार तास का लागावेत? मूल दचकतं. त्या दचकण्यात गणित शिकलं जातं.

तुर्कस्तानातल्या शिकवणी-यंत्रात प्रत्येक गणिताचं उत्तर, त्यात मुलं हमखास करतात त्या चुका आणि त्यावर काय सुचवायचं, हे शिक्षकांकडून घेऊन आधीच भरलेलं होतं. नुकसान टळलं ते त्यामुळे. मूल मोबाइलवर सहज उघडतं तो मात्र बहुतेकदा पहिला प्रकार.

* * *

केरळने वेगळी वाट धरली आणि मला ती आपल्या सगळ्यात जवळची वाटते. तिथे शाळेतल्या संगणक शिक्षणाचा 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प २००१ पासून चालू आहे. २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. शाळांमधले संगणक फार आधीच मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले, त्यामुळे परवान्याच्या पैशांचा आणि एखाद्या कंपनीच्या मेहेरबानीचा प्रश्न उरला नाही.

जून २०२४ मध्ये सातवीचं नवं आयसीटी पुस्तक आलं. त्यात संगणकाची दृष्टी हा धडा आहे आणि त्यात मुलांनी स्वतः एक प्रोग्राम बनवायचा आहे. कॅमेऱ्यासमोरचा चेहरा हसतोय, रागावलाय की घाबरलाय, हे ओळखणारा. राज्यातली सुमारे चार लाख मुलं त्या वर्षी हे करणार होती. पुस्तक मल्याळम, इंग्रजी, तमिळ आणि कन्नड अशा चारही माध्यमांत. वर्गात हा धडा कसा रंगत असेल याची कल्पना करणं अवघड नाही. रागाचं नाटक करणारा मुलगा यंत्राला आनंदी वाटणार, बारीक डोळ्यांच्या मुलीला ते सतत झोपाळू म्हणणार, वर्ग खिदळणार. यंत्र चेहरा पाहून मन ओळखत नाही, फक्त अंदाज करतं, हे सातवीच्या मुलाला भाषण न देता कळतं. पुढच्या वर्षी दहावीच्या ४ लाख ३० हजार मुलांना यंत्रमानवशास्त्र सक्तीचं झालं. पहिला पाठ आहे हात पुढे केला की सॅनिटायझर देणारं यंत्र जोडण्याचा, आणि त्यासाठी शाळांना २९ हजार संच दिले गेले.

पुस्तकाच्या आधी शिक्षक, हा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. शाळा उघडण्याआधी, मे २०२४ मध्ये, काइटने ८० हजार शिक्षकांसाठी तीन-तीन दिवसांची एआय प्रशिक्षणं सुरू केली. उतारा सोपा करणं, चित्रं आणि प्रश्न तयार करणं याबरोबर खोटे व्हिडिओ कसे ओळखायचे आणि मुलांची माहिती कशी सांभाळायची, हेही त्यात होतं. तीन दिवस फार नाहीत, पण 'लिंक पाठवली आहे, व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र डाउनलोड करावे' यापेक्षा बरेच आहेत.

गोव्यानेही २०२१ च्या सुमारास 'केअर्स' योजनेतून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं. लहान राज्य, मोजक्या शाळा, त्यामुळे तिथे हे पेलणं तुलनेने सोपं. महाराष्ट्राची गोष्ट वेगळी.

* * *

आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा दिवस पाहा. हजेरी चॅटबॉटवर, पोषण आहाराची नोंद दुसऱ्या अ‍ॅपवर, यू-डायसची माहिती तिसऱ्या पोर्टलवर, विद्यार्थ्यांचे अपार क्रमांक, आधार जुळणी, चाचण्यांचे गुण, मध्येच निवडणुकीचं काम. या शिक्षकाच्या हातात चॅटबॉट दिला गेला तो शिकवायला नव्हे, हजेरी घ्यायला, यात बरंच काही आलं.

म्हणून शिक्षकांनी एआय आधी कशासाठी वापरलं? टाचणासाठी. टाचणवही केंद्रप्रमुखांना दाखवायची असते, त्यातले उद्देश आणि अध्ययन निष्पत्ती ठरलेल्या साच्यात हव्या असतात, आणि वर्गात शिकवताना तिच्याकडे कुणी पाहत नाही. असं लिखाण यंत्राने करावं यात काहीच गैर नाही. प्रश्नपत्रिकेचं मात्र तसं नाही. यंत्राकडून काढलेल्या मराठी प्रश्नपत्रिकेत हिंदी पुस्तकांच्या संज्ञा घुसतात, बालभारतीत नसलेला भाग येतो, कधी चारही पर्याय चुकीचे असतात. ती वाचून, दुरुस्त करून घेणारे शिक्षक आहेत आणि तशीच झेरॉक्सला पाठवणारेही आहेत. टाचण यंत्राचं, प्रश्नपत्रिका यंत्राची, उत्तरही यंत्राचं. तपासायलाही यंत्र आलं की शाळेत मुलाचं आणि बाईंचं काम काय उरेल, असा प्रश्न कुणी थट्टेत विचारला तर हसू येण्याआधी थोडं थांबावं लागतं.

तरीही यंत्राला सरसकट दूर सारणं मला पटत नाही. शाळांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या यू-डायसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात १ लाख ४ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकाच बाईंसमोर. तिथे दुसरीतल्या मुलीने मोठ्याने वाचलेलं ऐकायला कुणी नसतं. गूगलचं 'रीड अलाँग' हे अ‍ॅप २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाने आलं. मूल वाचतं, ते ऐकतं, शब्द अडला की म्हणून दाखवतं. मराठीतही ते करतं. चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना हा एक जादा कान आहे, आणि ती मदत खरी आहे. नायजेरियातल्या एडो राज्यात २०२४ मध्ये जागतिक बँकेने शाळा सुटल्यावर सहा आठवडे चॅटबॉटच्या मदतीने इंग्रजी शिकवून पाहिलं, तेव्हाही परिणाम चांगले आले. मात्र तिथे मुलं जोडीने बसत होती, शाळेच्या संगणक खोलीत, आणि काय विचारायचं ते शिक्षक फिरत फिरत सांगत होते. यंत्र चाललं ते सगळ्यांच्या देखत.

शाळांकडे तेवढी साधनं तरी हवीत. त्याच यू-डायसनुसार देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. उरलेल्या शाळांमधल्या मुलांना एआय भेटेल ते घरच्या मोबाइलवरच, बाई आसपास नसताना.

* * *

माझं मत असं की तिसरीच्या नव्या विषयाची घाई बाजूला ठेवून आधी दहावी-बारावीच्या अंतर्गत गुणांकडे पाहावं. घरून लिहून आणलेल्या वहीला आणि प्रकल्पाला गुण देणं आता निरर्थक आहे. ते गुण वर्गात बसून लिहिलेल्या पानाला आणि समोरासमोरच्या तोंडी परीक्षेला द्यावेत. प्रकल्प घरून आला तरी चालेल, पण पाच मिनिटं उभं राहून त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देता आली पाहिजेत. नदी खरंच पाहिली का, पाण्याचा नमुना कुठून घेतला, हे विचारलं की यंत्राचा प्रकल्प आणि मुलाचा प्रकल्प वेगळे पडतात. याला वेळ लागतो, आणि वेळ हवा तर पोर्टलं कमी करावी लागतील. हा पैशांचा निर्णय नाही, म्हणून तो अधिक अवघड आहे.

आणि शिकवणीचं यंत्र राज्याने आणायचंच असेल तर ते बालभारतीच्या पुस्तकांना बांधलेलं हवं, त्यात आपल्या शिक्षकांना ठाऊक असलेल्या चुका भरलेल्या हव्यात, आणि मुलाला ते काय सांगतं याची नोंद वर्गशिक्षकाला वाचता आली पाहिजे. बंद डब्यातलं, कंपनीच्या शर्तीवरचं यंत्र फुकट मिळालं तरी नको.

पालकांना विनंती आहे की या सुट्टीत मुलाच्या मोबाइलमधली चॅटबॉटशी झालेली अभ्यासाची संभाषणं त्याच्या शेजारी बसून वाचा. पाळत म्हणून नको. पूर्वी आपण त्याचं नवं पुस्तक चाळायचो, तसं वाचा. काय विचारलं, काय उत्तर आलं, त्यातलं पुस्तकाशी काय जुळत नाही, याच्या दोन ओळी कागदावर लिहून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तो कागद घेऊन तिच्या पुढच्या बैठकीला जा आणि हा विषय विषयपत्रिकेवर घालून घ्या.